लढाईचा जमाखर्च

इतिहास म्हटला की लढाई आणि लढाई म्हटली की तलवार, असे समीकरण आपल्याकडे ठरून गेले आहे. कोणता वीर कोणत्या कड्यावरून चढला हे शाळेतला मुलगाही सांगू शकतो. पण त्या वीराच्या शिंगड्यात दारू होती ती कोठून आली, त्याच्या घोड्याला चंदी कोणी घातली, आणि त्याचा पगार थकला तेव्हा घरची चूल कशावर पेटली, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आजच्या विवेचनाचा विषय हेच प्रश्न आहेत. त्यांच्यासाठी दूरदेशीचे एखादे युद्ध घेता आले असते. पण उदाहरण घराच्या उंबऱ्याशी असता दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याहून सकाळी निघालेला माणूस न्याहारीच्या वेळेला भोरला किंवा वेल्ह्याला पोहोचतो. रोहिडा, राजगड आणि तोरणा हे तीन गड ज्या खोऱ्यांवर उभे आहेत, त्या खोऱ्यांतून १६८१ ते १७०७ या काळातील मोगल-मराठा युद्धाचा जमाखर्च जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

प्रश्न थोडक्यात असा आहे. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीमहाराजांचा वध झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला आणि राजाराममहाराज दूर कर्नाटकात जिंजीला गेले. राजधानी नाही, खजिना नाही, छत्रपती शेकडो कोस लांब. समोर मात्र विजापूर आणि गोवळकोंडा ही दोन राज्ये नुकतीच गिळून बसलेला, हिंदुस्थानातील सर्वांत श्रीमंत बादशहा. अशा स्थितीत मराठे आणखी १८ वर्षे लढले. हे लढणे कशावर चालले? पराक्रमावर चालले हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. पराक्रमालाही दोन वेळचे जेवण लागते.

मुलखाची ऐपत

प्रथम हा मुलूख कसा आहे ते पाहू. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांना जुन्या कागदांत हिरडस मावळ, रोहिडखोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानंद खोरे अशी नावे आहेत. पश्चिमेला सह्याद्रीची धार. वरंधा घाट आणि केळदजवळचा मढे घाट यांनी खाली महाडच्या बाजूला उतरता येते. पाऊस धो धो पडतो, पण जमीन थोडी. नदीकाठच्या खाचरांत भात, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, एवढेच पीक. उतारावरची जमीन दोनतीन वर्षे पिकवली की काही वर्षे पडीक टाकावी लागते. मोठी बाजारपेठ नाही, बंदर नाही, खाण नाही.

अशा मुलखाचा वसूल तो किती असणार? तोरणा हाती आल्यावर तेथे पुरलेले धन सापडले आणि त्यातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, अशी परंपरागत हकीकत आहे. तिचा तपशील कसाही असो, तिच्यातला अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. राजगडासारखा गड केवळ या खोऱ्यांच्या भातावर उभा राहण्यासारखा नव्हता. त्याला बाहेरचे द्रव्य लागले, हे त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होते.

मग या मुलखाकडे होते काय? दोन गोष्टी होत्या. एक, डोंगर, आणि दुसरी, डोंगरात वाढलेला माणूस. या दोन्हींना युद्धाच्या बाजारात किंमत होती. कारीचे जेधे, हिरडस मावळचे बांदल, गुंजण मावळचे शिळमकर ही देशमुख घराणी या माणसांचे पुढारी. मावळ्याच्या हाती नांगर आणि ढाल या दोन्ही वस्तू होत्या हे आपण अभिमानाने सांगतो. पण एकाच माणसाच्या हाती दोन्ही असल्या म्हणजे एक धरण्यासाठी दुसरी खाली ठेवावी लागते, हे सांगावयाचे राहून जाते. मोहिमेचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होई तो याच कारणाने. पेरणी-लावणी उरकली पाहिजे, पीक हाताशी आले पाहिजे, नद्या उतरल्या पाहिजेत. युद्ध बारमाही झाले, की शेत पडीक पडणार हे ठरलेले.

दारू, शिसे आणि लोखंड

आज दारूगोळा म्हटला की पुणेकरांच्या डोळ्यांसमोर खडकीचा कारखाना येतो. सतराव्या शतकात कारखाना हा शब्द होता, पण त्याचा अर्थ खाते किंवा कोठार असा होता. अंबरखान्यात धान्य, शिलेखान्यात हत्यारे, दारूखान्यात दारू, तोफखान्यात तोफा, अशी अठरा कारखान्यांची मांडणी होती. या कोठारांत येणारा माल कोठून येई ते क्रमाने पाहू.

बंदुकीची दारू सोरा, कोळसा आणि गंधक या तीन जिनसांची होते. त्यांत सोऱ्याचा भाग सर्वांत मोठा, जवळजवळ तीन चतुर्थांश. लोणा धरलेली माती पाण्यात कालवून, ते पाणी आटवून सोरा काढता येतो. हे काम देशातल्या देशात होई. कोळशाला मावळातले जंगल होतेच. गंधक मात्र सह्याद्रीत सापडत नाही. तो समुद्रावरून बंदरात उतरे. शिशाचीही तीच गत. बंदुकीच्या गोळ्या शिशाच्या, आणि शिसे येणार परदेशी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. लोखंड घाटमाथ्यावर होत असे. महाबळेश्वरच्या बाजूचे धावड लोक तांबड्या जांभ्यातून लोखंड गाळीत. पण तोफा ओतण्याची विद्या आणि तांबे या दोन्ही बाबतींत परक्यांचे तोंड पाहावे लागे. तलवारीची चांगली पाती पोर्तुगिजांकडून येत. ‘फिरंग’ हे तलवारीचे नावच ती कोठून आली ते सांगते. घोडा हेही त्या काळचे हत्यारच. त्यांतले उंची घोडे अरबस्तानातून समुद्रमार्गे येत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. राजगडावरचा बंदूकवाला कितीही शूर असला, तरी त्याच्या बंदुकीचा एक धागा राजापूर, चौल, दाभोळ अशा बंदरांत गुंतलेला होता. म्हणूनच शिवाजीमहाराजांनी बंदरे हाती घेण्याची आणि परदेशी व्यापाऱ्यांशी धोरणाने वागण्याची एवढी काळजी घेतली. हे व्यापारी दोन्ही बाजूंना माल विकणारे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी त्याच्या बाजूने गडावर तोफगोळे टाकले. पुढल्याच वर्षी महाराजांनी राजापूरवर स्वारी करून त्यांना कैदेत घातले. उलटपक्षी महाराजांनी फ्रेंचांकडून ८० तोफा आणि बंदुकांना पुरेसे शिसे खरेदी केल्याची नोंद ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केली आहे. विकणाऱ्याला मित्र नसतो आणि शत्रूही नसतो, त्याला गिऱ्हाईक असते. गिऱ्हाइकाजवळ रोकड असेपर्यंत हा व्यवहार चालतो. रोकड संपली की गंधकही संपतो आणि शिसेही.

माल आला म्हणजे काम संपले असेही नाही. मावळातल्या पावसाचे चार महिने दारूचा जीव घेणारे. ओल लागलेली दारू पेट घेत नाही, आणि भिजलेला तोडा शिलगत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात याचा बारीक विचार आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, भोवती निरगुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे, तळघरात माचांवर मडकी ठेवावीत, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने समक्ष येऊन दारू बाहेर काढून तिला ऊन देऊन पुन्हा मोहोर करावी, असे तेथे सांगितले आहे. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण लावून त्यांची काने मेणाने बुजवावीत, हेही आहे. हे वाचताना आपण एखाद्या काटकसरी गृहिणीचे लोणच्याच्या बरण्यांविषयीचे नियम वाचीत आहो असा भास होतो. आणि तो भास चुकीचा नाही. ज्याला वस्तू पुन्हा मिळण्याची खात्री नसते, तोच ती इतक्या जपणुकीने ठेवतो.

हत्यारांचा खर्च कोणी करावयाचा, याचीही एक पद्धत होती. घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग. बारगिराला घोडा आणि हत्यारे सरकारातून मिळत. शिलेदार घोडा-हत्यार स्वतःचे आणी. महाराजांचा कल बारगिरांकडे आणि रोख वेतनाकडे होता. सैनिकाला गाव तोडून द्यावयाचा नाही, पगार द्यावयाचा, हा त्यांचा नियम. हा नियम खर्चिक होता. त्याला भरलेला खजिना लागे. सुरतेवर १६६४ आणि १६७० साली झालेल्या स्वाऱ्यांचा अर्थ या हिशेबात लावला पाहिजे. पण त्या नियमाचा लाभ असा की राज्याची जमीन राज्याची राही, आणि शिपाई कोणा एका सरदाराचा न होता राज्याचा होई. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे हाच नियम मोडावा लागला.

कोठारावरचा घाला

लढाईत शत्रूचे सैन्य मारणे कठीण असते. त्याचे कोठार जाळणे त्या मानाने सोपे. मिर्झाराजा जयसिंगाला हे पक्के ठाऊक होते. १६६५ च्या उन्हाळ्यात त्याने पुरंदरला वेढा घातला, आणि त्याच वेळी दाऊदखान कुरेशीला या खोऱ्यांत पाठविले. एप्रिलच्या अखेरीस दाऊदखान रोहिड्याच्या परिसरात आला आणि त्याने तेथील सुमारे ५० गावे जाळून उजाड केली. तेथून तो राजगडाच्या पायथ्याच्या गावांकडे वळला, आणि मग शिवापूरवरून कोंढाण्याकडे गेला. ही हकीकत जयसिंगाच्याच पत्रांतून आलेली आहे.

यांत एकही मोठी लढाई नाही, म्हणून बखरींत या आठवड्याला फारशी जागा मिळत नाही. पण काळ पाहा. एप्रिलची अखेर. घरात मागल्या वर्षाचे भात, बियाणे आणि जनावरांचा पेंढा, महिनाभरात पेरणी. त्या वेळी गाव जळाले म्हणजे त्या सालचे अन्न गेले आणि पुढच्या सालचे बीही गेले. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. ४ लाख होनांच्या मुलखासह २३ किल्ले मोगलांना गेले. १ लाख होनांच्या मुलखासह १२ किल्ले महाराजांकडे राहिले. राजगड आणि तोरणा राहिले, रोहिडा गेला. तो १६७० मध्ये परत आला. पुरंदरच्या बुरुजांइतकाच या जळालेल्या गावांचाही त्या तहात वाटा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

कोठार शत्रूच जाळतो असे नाही. आपले सैन्यही ते खाऊन टाकू शकते. चिपळूण भागात छावणीस राहिलेल्या आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिरून धान्य, गवत, लाकूड हिसकावू लागाल, आणि लोकांना वाटेल की यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय आहे. पुरवठ्याचे शास्त्र आणि राज्याचे नीतिशास्त्र एकच आहे, हे इतक्या थोडक्यात कोणी क्वचितच सांगितले असेल.

रिकामा खजिना

आता १६८९ कडे येऊ. महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवून राजाराममहाराज जिंजीला गेले. अमात्यांच्या हाताखाली या मावळ भागाचा भार उचलला तो शंकराजी नारायण यांनी. हेच पुढे सचिव झाले. सचिवाचे मूळ काम लढण्याचे नव्हे; सरकारी पत्रे आणि महालोमहालचा जमाखर्च तपासून त्यावर निशाणी करण्याचे. हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या हाती तलवार आली, आणि कदाचित त्यामुळेच तिचा हिशेब बरोबर राहिला. मोगलांकडे गेलेला राजगड त्यांनी १६९२ च्या सुमारास परत घेतला.

पण सैन्य उभे करावयाचे कशावर? या मंडळींनी तीन मार्ग काढले.

पहिला मार्ग वतनांचा. मावळचे देशमुख आपल्या वतनाच्या काळजीने डळमळत होते. कित्येकजण मोगलांकडे गेले होते. मुलूख मोगलांचा झाला तर वतन कोणाच्या सहीने टिकणार, हा त्यांचा रोकडा प्रश्न. १६९० मध्ये राजाराममहाराजांनी कारीच्या बाजी सर्जेराव जेध्यांना पत्र लिहून राज्याच्या कामी आपलेसे केले. अशा पत्रांना वतनाच्या आश्वासनाची जोड असे. पैसा नव्हता, तेव्हा शब्द दिला.

दुसरा मार्ग सरंजामाचा. शिवाजीमहाराजांनी बंद केलेली प्रथा आता उघड सुरू झाली. जो सरदार स्वतःच्या खर्चाने फौज उभी करील आणि मुलूख जिंकील, त्याला त्या मुलखाचा वसूल. १६९१ च्या जूनमध्ये हणमंतराव आणि कृष्णाजी घोरपडे यांना दिलेले आश्वासन याचा मासला आहे. त्यात एकंदर ६ लाख होनांचा सरंजाम कबूल केला आहे. पण तो कसा? निम्मा रायगड, विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद हे प्रांत एकेक करून हाती आल्यावर, आणि उरलेला निम्मा दिल्ली घेतल्यावर. ज्याच्या हाती त्या दिवशी रायगडही नव्हता, त्या राज्याने दिल्लीवर हुंडी लिहिली. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. ती शत्रूच्या मुलखावर काढलेली हुंडी होती, आणि ती वटविण्याचे काम घेणाऱ्यावरच सोपविले होते.

तिसरा मार्ग, लढाईचा खर्च शत्रूच्याच अंगावर टाकण्याचा. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, त्यावर सरदेशमुखीचा दहावा, आणि घासदाणा म्हणजे घोड्यांच्या वैरणीचा आकार, हे मोगली मुलखातून उगवले जाऊ लागले. संताजी आणि धनाजी यांच्या फौजा मोगलांच्या रसदेवर पडत. त्यांत धान्य मिळे, घोडे मिळत, आणि ज्या तोफा-बंदुका विकत घेण्यास पैसा नव्हता त्याही मिळत. मराठ्यांना शस्त्रे पुरविणारा एक मोठा पुरवठादार खुद्द मोगल तोफखानाच होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

किल्ल्यांचाही हिशेब बदलला. गड शेवटच्या माणसापर्यंत लढवावयाचा नाही. पावसाळा तोंडावर येईपर्यंत बादशहाला गुंतवून ठेवावयाचे, त्याचा खर्च वाढवावयाचा, आणि मग किंमत घेऊन गड खाली करून द्यावयाचा. १७०२ च्या जूनमध्ये परशुराम त्र्यंबकांनी विशाळगड सोडला तो २ लाख रुपये घेऊन. त्यानंतर भर पावसात पन्हाळ्यापर्यंतची सुमारे ३० मैलांची वाट चालावयास बादशाही फौजेला ३८ दिवस लागले. जनावरे आणि माणसे चिखलात मेली. बादशहाने गड विकत घेतला, आणि गड राखण्याचा खर्चही विकत घेतला. मराठ्यांच्या हाती रोकड आली, आणि सवड मिळताच गड परत घेण्याची मोकळीकही.

बादशहाची बाजू

हीच रीत राजगड-तोरण्यावर दिसते. १७०३ चा पावसाळा औरंगजेबाने पुण्यात काढला. डिसेंबरमध्ये तो राजगडासमोर आला. तोफा नेण्यासाठी घाटात बेलदार-पाथरवटांकडून आधी वाट करून घ्यावी लागली. वेढा अडीच महिने चालला. १७०४ च्या फेब्रुवारीत गड पडला. त्याचे नाव नबीशाहगड ठेवण्यात आले. लगेच तोरण्याला वेढा पडला, आणि मार्चमध्ये रात्री दोराच्या शिड्या लावून तो घेण्यात आला. या शिड्यांवरून प्रथम चढलेले लोक मोगलांच्या नोकरीतले मावळेच होते. बहुतेक गड पैसे देऊन घेतलेले. तोरणा मात्र तलवारीने घेतला, पण त्या तलवारीची मूठही मावळ्याच्याच हाती होती. या गोष्टीची लाज वाटून घेण्यापेक्षा तिचे कारण पाहावे. शेत पडीक, घर जळालेले, आणि पगार देणारा एकच. अशा वेळी पोटाला जो घालील त्याचा डोंगर माणूस चढतो.

कारण ती वर्षे दुष्काळाची होती. १७०२ ते १७०४ या काळात दक्षिणेत पाऊस नाही आणि रोगाची साथ, यांनी २० लाखांवर माणसे मेली असे मनुची हा इटालियन प्रवासी लिहितो. बादशाही छावणीत दरसाल १ लाख माणसे आणि ३ लाख जनावरे मरत असा त्याचा अंदाज आहे. हे आकडे मोजून घेतलेले नाहीत. पण त्यांतून पाहणाऱ्याच्या मनावर झालेला परिणाम तरी कळतो. चालत्या शहरासारखी ती छावणी लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांवर आणलेल्या धान्यावर जगे. तांडा अडला की छावणीत धारण कडाडे. बंगालचा वसूल दक्षिणेत ओतला जाई तरी शिपायांचे पगार वर्षानुवर्षे थकत. जहागिरी कागदावर मिळत. त्या गावांत जाऊन पाहावे तो वसूल मराठे घेऊन गेलेले, किंवा कुणबी गाव सोडून गेलेला. ज्याला वसूल मिळत नाही तो मनसबदार ठरलेले स्वार बाळगीत नाही. स्वार नाहीत म्हणून मुलूख राखता येत नाही. मुलूख राखता येत नाही म्हणून वसूल मिळत नाही. हे रहाटगाडगे एकदा उलटे फिरू लागले, की ते थांबविण्याची ताकद कोणत्याही बादशहात नसते.

१७०७ च्या आरंभी औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. त्याच वर्षाच्या मे महिन्यात राजगड मराठ्यांनी परत घेतला. अडीच महिन्यांच्या वेढ्याने आणि अपार खर्चाने मिळविलेला गड तीन वर्षेच बादशाहीत राहिला.

शिल्लक

येथे गोष्ट संपविली तर ती आपल्या मनाला गोड वाटेल. पण जमाखर्चाला विजयाचा शिक्का चालत नाही, शिल्लक काढावी लागते. दिलेले शब्द आता पुरे करावयाचे होते. ज्यांनी फौजा उभ्या केल्या त्यांना मुलूख हवा होता, ज्यांनी वतनाच्या आशेने साथ दिली त्यांना सनदा हव्या होत्या. हळूहळू राज्याची जमीन सरदारांच्या सरंजामांत वाटली गेली, आणि शिवाजीमहाराजांची रोख वेतनाची पद्धत पुन्हा कधी पूर्वीसारखी उभी राहिली नाही. पुढे शाहूमहाराजांच्या काळात चौथाईची जी वाटणी ठरली, तिच्यात शेकडा ६ चा हिस्सा ‘साहोत्रा’ म्हणून पंत सचिवांकडे आला. शंकराजी नारायणांचा १७१० मध्ये अंत झाला. भोरजवळ आंबवडे येथे त्यांची समाधी आहे. त्यांच्या वंशजांकडे राहिलेला मुलूख म्हणजेच भोर संस्थान. त्याच्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड अशी गडांची नावे होती, हे अगदी यथार्थ आहे. कारण ते संस्थान गडांच्या लढाईचे देणे फेडण्यातूनच जन्मले होते.

यात गंमत अशी की या व्यवहाराचा धोका ज्यांनी तो केला त्यांनाच सर्वांत चांगला कळत होता. युद्ध संपल्यावर लिहिलेल्या त्याच आज्ञापत्रात वतनदार म्हणजे राज्यातले लहान-लहान राजेच, असे बजावले आहे. त्यांना तोडू नये, पण बळावूही देऊ नये. सेवकांना जमीन वाटीत गेल्यास राज्यच उरत नाही, हाही इशारा आहे. अमात्यांवर आम्ही येथे दोष ठेवीत नाही. १६९० साली त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, जमीन वाटणे किंवा राज्य बुडू देणे. त्यांनी राज्य राखले. पण अडचणीच्या वेळी केलेली तरतूद अडचण संपल्यावर आपोआप संपत नाही. ती हक्क होऊन बसते. तिची किंमत मग लढणारी पिढी देत नाही, पुढच्या पिढ्या देतात.

ही गोष्ट जुन्या काळापुरती नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा तोफगोळ्यांचा तुटवडा हा प्रश्न लवकरच पुढे आला. २०२३ च्या मार्चमध्ये युरोपीय संघाने १२ महिन्यांत १० लाख गोळे पुरविण्याचे ठरविले; मुदत संपत आली तेव्हा निम्म्याहून थोडेसेच अधिक देता आले होते. पैसा होता, पण कारखाने नव्हते. २०२४ च्या जूनमध्ये सात धनाढ्य राष्ट्रांनी युक्रेनसाठी ५० अब्ज डॉलरांचे कर्ज मान्य केले, आणि त्याची फेड गोठविलेल्या रशियन ठेवींच्या उत्पन्नातून व्हावी असे ठरविले. शत्रूच्या मालमत्तेवर हुंडी काढण्याची ती घोरपड्यांच्या सनदेतलीच युक्ती. आकडे बदलले, जिन्नस बदलले. लढाईचे अर्थशास्त्र तेच राहिले.

तेव्हा कोणत्याही युद्धाची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. दारूगोळा कोणाच्या बंदरातून येतो आहे? तो आणण्यासाठी कोणाच्या शेतावर हात पडला आहे? आणि आज दिलेला शब्द उद्या कोणी फेडावयाचा आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर राजकारण्याजवळ असते, दुसऱ्याचे कुणब्याजवळ; तिसऱ्याचे उत्तर देणारी माणसे पुष्कळदा जन्मालाच आलेली नसतात.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचे ठरविले. नाव गडाचे आले, हे योग्यच झाले. त्या गडाखालच्या जळालेल्या गावांची नावे मात्र कोणा एका फलकावर नाहीत. आणि राजगडाचा खरा खर्च भरला तो त्यांनी.